वाघोलीत घर घ्यायचा विचार आहे, आईबाबा सोबत राहणार, तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा

भाडेकरू_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. आम्ही कर्वेनगरला भाड्याने राहतो, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये म्हणून दिवाळीच्या आत जागा खाली करायची आहे. परत भाड्याचीच शोधाशोध करण्यापेक्षा आता स्वतःचं घ्यावं असं घरात ठरतंय. बायकोचं ऑफिस खराडीला, माझं कल्याणीनगरला, म्हणजे रोज दोघंही अख्खं पुणं आडवं पार करतो आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत मुलगी पेंगायला लागलेली असते.

खराडी आणि विमाननगर बजेटमध्ये बसत नाही, वाघोली बसतं. केसनंद फाट्याच्या आत एक टू बीएचके बघितलाय, रेडी पझेशन, सातवा मजला, हवा उजेड मस्त, समोर अजून मोकळी शेतं आहेत. सेल्सवाला मुलगा म्हणाला की मेट्रो येतेय, रस्ता मोठा होतोय, पाण्याची लाईन मंजूर आहे. सगळंच येतंय म्हणाला, आलंय काय ते काही नीट सांगितलं नाही.

आमच्या घरात पाच माणसं. मुलगी पहिलीत. बाबांना बीपी शुगर, आईचा गुडघा दुखतो, आणि आईचं तर सगळं जगच कर्वेनगरमध्ये आहे, भाजीवाली मावशी, देऊळ, भिशीच्या बायका, चालत जाता येईल असा डॉक्टर. ती तोंडाने काही बोलत नाही पण फ्लॅट बघून आल्यापासून गप्प गप्प आहे. तर तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा, रोजचं जगणं कसं आहे? पाणी, लाईट, रस्ता, शाळा, दवाखाना, आणि म्हाताऱ्या माणसांचं मन रमेल का? ब्रोकर लोकांनी प्लीज रिप्लाय देऊ नये.

डोमखेल_रोडवरून

दादा मी वाघोलीतच राहते आणि आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे पाण्याचंच आधी सांगते कारण बाकी सगळ्याची सवय होते, पाण्याची होत नाही.

वाघोली महापालिकेत आली २०२१ ला, ती २३ गावं एकदम घेतली त्यात. त्याआधी इथे ग्रामपंचायत होती आणि टॉवर मात्र शहरासारखे उभे राहिले होते. गावाची जी नळयोजना होती ती गावासाठी होती, एवढ्या सोसायट्यांसाठी नव्हतीच. बिल्डरला परवानगी देताना त्याच्याकडून हमीपत्र घेतात, की महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय तो करेल. पण सोसायटी आपल्या ताब्यात आली की तो हात वर करतो आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. हे खूप ठिकाणी झालंय, त्यामुळे त्या हमीपत्राची कॉपी आत्ताच मागा, पझेशननंतर कोणी देत नाही.

आता साधा हिशोब करा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप आहे. तुम्ही पाच जण म्हणजे पावणेसातशे लिटर. घरटी सरासरी चार माणसं धरली तरी शंभर फ्लॅटच्या सोसायटीला रोज ५४ हजार लिटर लागतं, म्हणजे दहा हजारवाले पाच साडेपाच टँकर. बोअर चालू असतात तोवर टँकर कमी लागतात, मार्च एप्रिलमध्ये बोअर उपसले की सगळा भार टँकरवर आणि तेव्हाच त्यांचे भावही चढतात. म्हणून बिल्डरला "पाणी आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. गेल्या एप्रिल मे महिन्याची टँकरची बिलं दाखवा म्हणा. सोसायटी झाली असेल तर खजिनदाराला भेटा, आमच्याकडे कोणी विचारायला आलं तर आम्ही फाईल उघडून दाखवतो, लपवण्यासारखं काही नाहीये.

दुसरं म्हणजे पाणी कडक असतं. नळाच्या तोंडाला पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल जाते, केस धुतले तरी चिकट वाटतात, तूरडाळ शिजता शिजत नाही. सोसायटीत सॉफ्टनर प्लँट आहे का आणि तो चालू आहे का ते बघा. चालू आहे का हे कळायचं असेल तर वॉचमनला विचारा मिठाची पोती शेवटची कधी आली, कारण सॉफ्टनरला मीठ लागतंच, पोती येत नसतील तर मशीन नुसतं शोभेला आहे.

एवढं सगळं लिहिलं म्हणून घाबरू नका, मी इथून हलणार नाहीये. आमच्याकडे कमिटी चांगली आहे, सगळे मिळून टँकरवाल्याशी वर्षाचा करार करतो, प्रत्येक विंगला पाण्याचं मीटर लावलंय, मीटर लागल्यावर वापर आपोआप खाली आला. फ्लॅट बघताना कमिटी कशी आहे हे बघाच, माझ्या मते हॉल केवढा आहे यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

मूळचा_वाघोलीकर

आमच्या पिढ्या इथेच गेल्या म्हणून थोडं गावाकडून सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्यांना वाटतं इथे आधी काहीच नव्हतं.

वाघेश्वराचं देऊळ जुनं आहे, पिलाजीराव जाधवरावांनी त्याचा जीर्णोद्धार केला, त्यांची समाधीपण इथेच आहे. महाशिवरात्रीला या, कुटुंबाला घेऊन या, गाव काय आहे ते त्यादिवशी कळेल. पुढे तुळापूरला भीमा इंद्रायणीचा संगम, संभाजी महाराजांचं स्थान, तुमच्या बाबांना सकाळी गाडीने नेलंत तर त्यांना बरं वाटेल. किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडची शेकडो पोरं शिकायला इथे आणली होती, वाघोलीत त्यांची राहायची शाळा झाली, आम्ही लहानपणी त्यांच्याबरोबर खेळलोय. असं हे गाव आहे.

आता अडचणीचं. लोहगाव, भावडीच्या बाजूला दगडखाणी आणि खडी क्रशर आहेत. तुमचा फ्लॅट कुठल्या दिशेला तोंड करून आहे बघा, डंपर ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावर असेल तर गॅलरीत रोज धूळ पुसावी लागणार. घरात कोणाला दमा असेल तर त्या बाजूला घेऊच नका. सकाळी फ्लॅट बघायला गेला असाल तर एकदा दुपारी जा आणि एकदा रात्री अकरानंतर जा, रात्री डंपर किती जातात ते उभं राहून बघा.

आणि समोर मोकळी शेतं आहेत म्हणालात ना, ती शेतं बघून फ्लॅट घेऊ नका. ती शेतं कोणाची आहेत ते आम्हाला माहिती असतं, त्यातली बरीचशी डेव्हलपमेंटला दिलेली असतात. काही वर्षांत तिथे टॉवर उभा राहणार आणि तुमचा उजेड वारा जाणार. वाईट वाटून घेऊ नका पण आमच्यापण डोळ्यासमोर ज्वारी बाजरीची रानं गेलीत.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. इथले ओढे जुने आहेत, त्यातले काही बुजवले, काहींवर कंपाऊंड आलं. पाणी आपली वाट विसरत नाही. जोराचा पाऊस झाला की कुठे पाणी साठतं हे गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, चहाच्या टपरीवर विचारलंत तरी सांगतील. बिल्डिंगचा पार्किंगचा भाग खोलगट असेल तर जुलैमध्ये एकदा येऊन बघाच.

रोजची_खराडी

तुमच्या मिसेस खराडीला आहेत म्हणून मी लिहिते, मी पण वाघोली ते खराडी रोज जाते. नकाशात जवळ आहे, पण नगर रोडवर ऑफिसच्या वेळेला अंतराला काही अर्थ नाही. केसनंद फाटा, आव्हाळवाडी फाटा, मग पुढचे चौक, असं एकेका ठिकाणी अडकत जायचं. अहिल्यानगर मराठवाडा सगळीकडची जड वाहनं याच रस्त्याने येतात आणि आपणही याच रस्त्याने. आतून खराडीला निघायचे रस्ते आहेत पण ते अरुंद, पावसात चिखल. मी सकाळी आठच्या आत निघते आणि चारला परतते, मॅनेजरला सांगून वेळ बदलून घेतली. त्या वेळेत जाणं सुसह्य आहे. नऊ वाजता निघालं की वैताग. वेळ बदलायची सोय तुमच्या मिसेसना आहे का हे आधी विचारून घ्या, हा खूप मोठा मुद्दा आहे.

मेट्रोबद्दल नीट सांगते कारण त्यावरूनच फ्लॅट विकतात. वनाज रामवाडी लाईन रामवाडीपर्यंत मार्च २०२४ ला सुरू झाली, ती चालू आहे, चांगली आहे. रामवाडीपासून पुढे वाघोली विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, वनाजच्या पुढचा चांदणी चौकाचा तुकडा धरून पावणेतेरा किलोमीटर, १३ स्टेशनं, आणि मुदत चार वर्षं. म्हणजे तुमची मुलगी पाचवी सहावीत जाईल तेव्हा. आणि तोपर्यंत नगर रोडच्या मधोमध खांबांचं काम चालणार, बॅरिकेड लागणार, हे पण धरून चाला. मेट्रो येणार यात शंका नाही पण आजचं घर आजच्या रस्त्यावर घ्या.

तुम्ही कल्याणीनगरला जाताय तर रामवाडीला गाडी लावून मेट्रोने जाता येईल, कल्याणीनगरचं स्टेशन पुढचंच आहे. तुमच्यासाठी ते सोयीचं पडेल.

अजून एक, १ जानेवारीला पेरणे गावातल्या, म्हणजे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, त्यादिवशी नगर रोडची वाहतूक वळवतात. इथे राहणारे सगळे आधीच दूध भाजी आणून ठेवतात आणि घरून काम करतात. हे तक्रार म्हणून नाही सांगत, इथल्या वर्षाचा तो एक दिवस आहे, नवीन माणसाला माहीत असावं म्हणून.

रात्रीचं सांगायचं तर मेन रोडला काही भीती नाही, दुकानं उशिरापर्यंत चालू असतात. आतल्या रस्त्याला दिवे नाहीत अशा जागा आहेत आणि कुत्री खूप. कॅबवाले आत यायला नाही म्हणतात, फाट्यावर सोडतात. गेटपर्यंत दिवे आहेत का हे रात्री येऊन बघा.

कागद_आधी

वरच्यांनी राहण्याचं सांगितलंय, मी कागदांचं सांगतो, माझं रोजचं कामच ते आहे.

रेडी पझेशन म्हणतायत तर भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी दिल्याचा दाखला) आहे का ते बघा, तुमच्याच विंगचं आणि तुमच्याच मजल्यापर्यंतचं. "पार्ट कम्प्लीशन आलंय" म्हणाले की कुठल्या भागाचं ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. प्रोजेक्टचा महारेरा नंबर (सरकारी नोंदणीचा) घ्या आणि वेबसाईटवर स्वतः टाकून बघा, मंजूर नकाशा, बोजा, कोर्टकेस सगळं तिथे अपलोड करावं लागतं. रेराखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरने स्वखर्चाने करून द्यायची असते, त्यामुळे ताबा घेतानाची तारीख लेखी असू द्या.

शहराच्या कडेला खरी गोम असते ती रस्त्यात. ब्रोशरमध्ये अठरा मीटर डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) लिहिलेला असतो, प्रत्यक्षात शेवटचा तुकडा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो आणि तो शेतकरी मोबदला मिळाल्याशिवाय जागा देत नाही, त्याने का द्यावी, त्याची जमीन आहे ती. मग वर्षानुवर्षं तेवढाच कच्चा तुकडा राहतो आणि शाळेची बस आत येत नाही. म्हणून सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीची तपासणी) काढताना वकिलाला सांगा की फक्त प्लॉटचा नको, गेटपासून मेन रोडपर्यंतच्या रस्त्याचे गट नंबर पण बघ. जमीन कुठल्या झोनमध्ये येते त्याचा झोन दाखलापण काढून घ्या.

सोसायटी रजिस्टर झालीये का आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का विचारा. बिल्डर कन्व्हेयन्स करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, मार्ग आहे, पण त्यासाठी लोक एकत्र लागतात. स्टॅम्प ड्युटी पुण्यात ७ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. मिसेसच्या नावावर घेऊ शकत असाल तर विचार करा.

मिळकतकराबद्दल वर कोणी लिहिलं नाही. नव्या गावांत यावरून बराच वाद झालाय, सुविधा येण्याआधी शहराचा कर का असं लोकांचं म्हणणं. जुनं काही थकलंय का ते रिसेलचा फ्लॅट असेल तर जरूर बघा. आणि स्वतः राहणार असाल तर ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ फॉर्म भरायचा असतो, तो भरायला लोक विसरतात.

गावं आत घेणं आणि बाहेर काढणं हेपण होत असतं हे लक्षात असू द्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला महापालिकेत घेतली आणि २०२४ ला बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कुठल्या ऑफिसला अर्ज करायचा हेच मधल्या काळात लोकांना कळत नव्हतं.

किरकटवाडीची_ताई

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिंहगड रोडला राहतो, पण घरात वयस्कर माणसं आहेत म्हणालात म्हणून राहवलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, किरकटवाडी नांदेड धायरी या पट्ट्यात, जीबीएसची (गिया बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली. पुणे भागात मिळून पेशंट २०० च्या वर गेले. चालता बोलता माणूस, आधी जुलाब, मग पायातली ताकद जाते, हात जातात, काहींना व्हेंटिलेटर. तपासणीत काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, दूषित पाण्याकडेच बोट होतं. त्यानंतर काही खासगी आरओ प्रकल्प बंद केले गेले, विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकायला लागले.

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये एक पद्धत लावलीये ती सांगते. टँकर आला की टाकीत सोडायच्या आधी वॉचमन ओटी टेस्ट करतो. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. ग्रामपंचायतींमध्ये हीच टेस्ट वर्षानुवर्षं करतात, किट अगदी स्वस्त असतं. वहीत तारीख, टँकरचा नंबर आणि रंग लिहून ठेवतो. दोन टँकर आम्ही परत पाठवले तेव्हापासून टँकरवाला स्वतःच काळजी घेतो. पाणी साफ दिसतंय म्हणजे चांगलं असं नसतं, आणि आरओ लावला म्हणून टाकी न धुता चालत नाही.

तुम्ही कुठेही घ्या, वाघोली घ्या नाहीतर आमच्याकडे या, पण पिण्याचं पाणी उकळून, आणि टाकी कधी धुतली हे विचारायला लाजू नका. बाबांना शुगर आहे, त्यांना कुठलंही इन्फेक्शन जड जाईल.

भाडेकरू_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समोर बसवून सांगितलं नसतं. मिसेसने पण सगळं वाचलं, तिला वेळ बदलून मिळेल असं वाटतंय. रस्त्याच्या गट नंबरचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

पण आईचं अजून कोणी लिहिलं नाही. काल रात्री तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसला, पोरगी शाळेत, मी सातव्या मजल्यावरून कोणाकडे बघू?" मला उत्तर देता आलं नाही.

लोहगाव_रस्ता_आजी

बाळा, मी निवृत्त शिक्षिका आहे, आयुष्य सगळं सदाशिव पेठेत गेलं, मुलाने इकडे घर घेतलं म्हणून आम्ही दोघं आलो. तुझ्या आईच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय म्हणून लिहिते, टायपिंग हळू आहे माझं.

पहिले काही महिने जड जातात. पेठेत दाराबाहेर पाऊल टाकलं की माणूस. इथे लिफ्टमधून खाली यायचं, गेट ओलांडायचं, मग रस्ता ओलांडायचा, तो पण डंपरचा. मी खाली उतरायचंच बंद केलं होतं. दुपारी विमानं जातात, हवाईदलाची तर खिडक्या हलवतात, ह्यांना आधी दचकायला व्हायचं.

मग आमच्या इमारतीतल्या एका तेलुगू आजीने हात धरून खाली नेलं. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही, दोघी मोडक्या हिंदीत बोलतो. तिच्याबरोबर पाच नंबरच्या बाकावर बसायला लागले. आता संध्याकाळी आम्ही सात आठ जणी असतो, एक नांदेडची, एक सोलापूरची, एक बिहारची, सगळ्यांचे मुलगे सुना आयटीत. पेठेत मला एवढी वेगवेगळी माणसं कधी भेटली नसती. गुरुवारी दत्ताची आरती कोणाच्यातरी घरी करतो. गेल्या चैत्रात हळदीकुंकू केलं तर पन्नास बायका, आंब्याची डाळ कमी पडली आणि खालच्या मजल्यावरची पंजाबी सून स्वतःहून किसायला बसली.

शेतकऱ्याची बायको सकाळी गेटवर टोपलीत भाजी घेऊन येते, शेपू, चाकवत, करडई, मुळा, पानावर अजून माती असते. तिला मी "काय गं, आज अंबाडी नाही आणलीस" म्हणते आणि ती दुसऱ्या दिवशी आठवणीने आणते. तुझ्या आईला भाजीवाली मावशी लागते ना, ती इथे मिळेल.

पण दोन गोष्टी तू मुलगा म्हणून कर. सातवा मजला घेऊ नकोस, पहिला नाहीतर दुसरा घे. लाईट जाते, आणि जनरेटर लिफ्टला पुरतोच असं नाही. गुडघा दुखणारं माणूस सातव्या मजल्यावर अडकलं की मनाने पण अडकतं. आणि दवाखाना आधी ठरव. वाघोलीत छोटे मोठे दवाखाने आहेत, मोठ्या गोष्टीला खराडीकडेच धावावं लागतं, आणि ते संध्याकाळी सात वाजता नगर रोडवरून. ह्यांचं एकदा छातीत दुखलं तेव्हा शेजारच्या मुलाने बाईकवर मागे बसवून नेलं कारण गाडी निघाली नसती. रात्री उघडा असणारा डॉक्टर कोण, हृदयाची सोय कुठे, हे फ्लॅट बघायच्या आधी बघ.

आईला एकदा संध्याकाळी पाच ते सात त्या सोसायटीत घेऊन जा. फ्लॅट दाखवू नकोस. खाली बाकावर बसव आणि तू लांब जा. तिच्याशी कोणी बोलायला आलं का ते बघ.

शहरात_परत_आलेला

आजींनी छान लिहिलंय, पण दुसरी बाजू पण यावी म्हणून लिहितो. आम्ही मांजरीच्या पुढे राहत होतो आणि आई आजारी पडल्यावर हडपसरला परत आलो. सोसायटी चांगली होती, लोक चांगले होते, पण डायलिसिस आठवड्यातून तीनदा सुरू झालं आणि प्रत्येक वेळी तो रस्ता, तो प्रचंड ट्रॅफिक, आईला उलट्या व्हायच्या. शेवटी भाड्याने हडपसरला आलो, मांजरीचा फ्लॅट भाड्याने दिला. त्या जागेबद्दल माझ्या मनात राग नाही, आजही तिथल्या मित्रांकडे गणपतीला जातो. पण घरात नियमित उपचार लागणारं माणूस असेल तर शहराची कड अजून काही वर्षं तयार नाहीये असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं बीपी शुगर असेल तर चालून जाईल.

माझा सल्ला, लगेच घेऊ नका. दिवाळीला घर सोडायचंच आहे तर त्याच सोसायटीत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. दिवाळीत गेलात की थंडी, उन्हाळा, पावसाळा सगळं त्यात येतं. आई राहून बघेल, मिसेसचा रस्ता कळेल, टँकर कळेल, कमिटी कळेल. तोपर्यंत भाव फार वाढतील म्हणून सेल्सवाला घाई करेल, करू दे. या भागात रिकामे फ्लॅट भरपूर असतात.

डोमखेल_रोडवरून

भाड्याने राहून बघायच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. फक्त शाळेचं लक्षात घ्या दादा, मुलगी पहिलीत आहे, मधल्या वर्षात दिवाळीत प्रवेश घ्यायचा असेल तर शाळेत आत्ताच जाऊन विचारा, पुढच्या वर्षाचे फॉर्म पण बऱ्याच शाळांत हिवाळ्यातच सुरू होतात. बस तुमच्या गेटपर्यंत येते की फाट्यावर सोडते हे लेखी घ्या. आणि भाड्याने घेताना मालकाला विचारा टँकरचा वेगळा आकार भाडेकरूने द्यायचा की मालकाने, हे करारात नसलं की मे महिन्यात भांडणं होतात.

भाडेकरू_कर्वेनगर

ठरलं मग. शनिवारी आईला घेऊन संध्याकाळी पाचला जातो, फ्लॅट दाखवणार नाही. भाड्यासाठी पहिल्या दुसऱ्या मजल्यावर काही असेल तर बघतो. आजी, तुमची सोसायटी लोहगाव रस्त्याला कुठे आहे? चालणार असेल तर आईला तुमच्याकडेच आणतो.

लोहगाव_रस्ता_आजी

अरे आण की. इथे पत्ता लिहीत नाही, तुला मेसेज करते. साडेपाचपर्यंत ये, नंतर आरती असते. आणि तिला सांग चहा पिऊन येऊ नकोस.